म्हाळसाबाईच्या पोटरीतला गोळा

आमच्या गावात कुणाच्या कंबरेत उसण भरली, मान आखडली किंवा रात्री पायात गोळा आला, की दवाखान्याआधी म्हाळसाबाईचं नाव निघतं. ती पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले आणि डोकं मागून. अशा माणसाचा पाय दुखऱ्या जागेला लागला की दुखणं उतरतं, असं लोक मानतात. मी परभणीला बी.एस्सी. केलं, तीस वर्षं सोनपेठच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि मला हे कधीच पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. पाय पटला नाही, पण बाई पटली. म्हणून हे लिहायला बसले.

म्हाळसाबाईची पद्धत ठरलेली होती. सकाळी, तिनं काही खायच्या आत जायचं. दारात घोंगडी अंथरलेली असायची, तिच्यावर पालथं पडायचं. ती येऊन चौकटीला धरून उभी राहायची आणि डाव्या पायानं तीनदा दाबायची. डावाच का, तर जन्मताना तो आधी आला होता. तोंडानं एक अक्षर नाही. मग उठायचं आणि मागं न बघता निघून जायचं. पैसा द्यायचा नाही, आभार मानायचे नाहीत. पैसा घेतला की पायाचा गुण जातो, असं तिचे मालक दत्तराव सांगायचे, आणि ह्या एकाच विषयावर ते बोलायचे. एरवी त्यांचं बोलणं मेंढरांशी.

म्हाळसाबाईचा जन्म मेंढरांच्या तळावरचा, पालात. धनगराची पोर, उन्हापावसात वाढायची, पण हिला पावसात बाहेर पडायची बंदी होती. वीज पायाळू माणसाला शोधत येते म्हणे. आभाळ गडगडलं की आई तिला घोंगडीखाली घालायची आणि घोंगडीच्या काठावर स्वतः बसायची. ती एकदा मला म्हणाली होती, भावंडं गारा वेचायची आणि मी खालून नुसती ऐकायची. पुढं गावातल्या कुणीतरी तिला विहिरीची जागा दाखवायला नेलं, कारण पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं. तिथं पाणी लागलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीनं त्याबद्दल मार खाल्ला. दत्तरावांच्या वडिलांनी तिला सून म्हणून मागितली तीही ह्या पायामुळेच. दिसायला कशी, कामाला कशी, हे नंतर विचारलं.

आता हा पाय तिच्या घराला काय देतो ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं बाष्कळ वाटेल.

दत्तरावांकडे स्वतःची जमीन नाही. मेंढरं-शेरडं मिळून चाळीसेक जनावरं आहेत. पूर्वी ही जनावरं बांधावर दिसली तरी लोक ढेकळं मारायचे. कालव्याच्या कडेनं सरकत सरकत दिवस काढायचा, पाण्यासाठी हातापाया पडायचं. बारा वर्षांपूर्वी दिनकररावांच्या कंबरेत उसण भरली. दिनकरराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, कालव्याखालची चाळीस एकर त्यांची. दोन दिवस खाटेवरून हलता येईना, तेव्हा त्यांनी म्हाळसाबाईला बोलावलं. तिसऱ्या दिवशी ते चालायला लागले. तिसऱ्या दिवशी उसण तशीही सुटते, पण हे मी सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून दिनकररावांचं काढणी झालेलं रान दत्तरावांच्या मेंढरांना मोकळं झालं. विहिरीजवळच्या हौदाचं पाणीही. मोठ्यानं दिलं म्हणून मग बाकीच्यांनीही दिलं. ‘ए धनगरनी’ची ‘म्हाळसाबाई’ झाली. पायावर विश्वास आहे तोवर रान आहे. तो उडाला की मेंढरं परत कालव्याच्या कडेला, आणि आता तर तिथंही तारेचं कुंपण.

ह्या समजुतीतली सगळ्यांत हुशार गोष्ट म्हणजे तिची एक अट. पाय लावूनही उतार पडला नाही, तर दोष पायाचा नाही. घेणाऱ्याच्या मनात किंतु होता, असं धरतात. त्यामुळे उतार पडला नाही असं कुणी म्हणतच नाही. कोण कशाला स्वतःचं मन मळकं आहे असं चारचौघांत कबूल करेल? मी एकदा कंबरेसाठी गेले होते, कुतूहल म्हणून. काही फरक पडला नाही आणि मी तसं सरळ सांगितलं. लोक म्हणाले, बाई शिकलेल्या, त्यांचा विश्वास बसत नाही. विषय संपला. विज्ञानाच्या बाईला गावानं एका वाक्यात गप्प केलं.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात आमच्या गावच्या चंद्रभानच्या मुलीचं लग्न येलदरीला होतं. वऱ्हाडातल्या आम्हा बायकांची झोपायची सोय शाळेच्या एका वर्गात केली होती. पंधरा-सोळा जणी सतरंजीवर ओळीनं पडलेल्या. रात्री मला जाग आली तर म्हाळसाबाई खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून अर्धवट उठलेली. पदर तोंडात कोंबलेला. डोळ्यांतून पाणी. डावा पाय वाळलेल्या लाकडासारखा ताठ आणि पोटरीत मुठीएवढा गोळा. आवाज मात्र श्वासाचासुद्धा नाही.

मी सरकत गेले. तिचा गुडघा सरळ दाबून धरला आणि पायाची बोटं तिच्या नडगीकडे ओढली. ओढून धरली तशी हळूहळू गाठ सुटली. मग तिला भिंतीला धरून उभं केलं, टाच जमिनीला पूर्ण टेकवायला लावली. पाचेक मिनिटांचा खेळ. ती खाली बसली आणि आधी ओळीनं झोपलेल्या सगळ्यांकडे बघून घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बाई, कोनाला सांगू नका.”

सकाळी नदीकडे गेलो तेव्हा मी तिला धारेवर धरलं. चार वर्षं झाली होती. आठवड्यातून चार-पाच रात्री, कधी एका रात्रीत दोनदा. दत्तराव मेंढरांजवळ बाहेर झोपतात, त्यांना पत्ता नाही. मुलगा अमृत आत झोपतो म्हणून पदर तोंडात. गोळा गेला तरी दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकायची, आणि त्याच ठणकत्या पायानं सकाळी दुसऱ्याचा गोळा उतरवायचा. मला राग आला. म्हटलं, सांगून टाक ना लोकांना. लोकांचं काय एवढं?

“सांगते की,” ती म्हणाली. “आन् मेंढरं कुठं नेऊ? तुमच्या अंगनात बांदू?”

माझं अंगण बारा बाय दहा.

तिला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे नाटकच होतं. सोनपेठला नेणं शक्य नव्हतं, तिथं अर्धं गाव भेटतं. शेवटी परभणीला जायचं ठरवलं आणि घरी सांगितलं पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जातो. परत येताना तिनं मला खरंच पोखर्णीला उतरायला लावलं. म्हणाली, देवाच्या नावानं सांगितलंय तर निदान अर्धं खरं होऊ द्या, आणि घरी प्रसाद काय दाखवू? माझे पाय बोलायला लागले होते, पण उतरले. पुढची एस.टी. दीड तासानं आली.

डॉक्टर तरुण होता, पण नीट विचारणारा. दोन्ही पोटऱ्या चाचपल्या. एकच पाय सुजतो का, गरम लागतो का, लाल होतो का, दिवसाही दुखतो का, असं एकेक विचारलं. तसं काही नव्हतं. मग तिच्या गोळ्या पाहिल्या. रक्तदाबासाठी ती जी गोळी घेत होती तिनं लघवी जास्त होते, आणि अशा गोळ्यांनी काहींना पेटके येतात. म्हणाला, स्वतःहून बंद करू नका, मी बदलून देतो, आणि रक्त तपासून घेऊ. हेही म्हणाला की ह्या वयात पुष्कळांना गोळे येतात आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. हे मला आवडलं. माहीत नाही म्हणणारा डॉक्टर विरळा.

बाकी सगळं साधं. निजायच्या आधी भिंतीपासून हातभर लांब उभं राहायचं, हात भिंतीला, टाचा जमिनीला, गुडघे सरळ, आणि पोटरी ताणली जाईपर्यंत पुढं झुकायचं. दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहायचं. ही बाई मेंढरांमागं उन्हात आठ-आठ तास हिंडायची आणि एक तांब्या पाणी प्यायची. झोपताना पायावर घट्ट काही नको. हिची सवय उलटी. घोंगडीचं टोक तळपायाखाली दाबून, पायाची बोटं खाली ताणून झोपायची, लहानपणापासून. गोळा आलाच तर बोटं आपल्याकडे ओढायची, उभं राहायचं, मग चोळायचं आणि शेकायचं.

घरी भिंतीला हात लावून उभी राहिली तर सून विचारेल, अमृत विचारेल. म्हणून ती रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात यायची. निमित्त म्हणून शेळीचं दूध आणायची. मला शेळीचं दूध आवडत नाही. तरी वर्षभर प्यायले. दार लोटून ती भिंतीला हात लावायची आणि मी ओट्याशी उभी राहून मोजायची. तीस मोजेपर्यंत ती टिकायची नाही, हसू यायचं तिला. म्हणायची, “बाई, मी भित्ताडाला ढकलायले, का भित्ताड मला?”

गोळे कमी झाले. गेले नाहीत, पण आठवड्यातून एखाद्या रात्रीवर आले. आपण दोघी हे असं गुपचूप निभावून नेऊ, असं मला वाटायला लागलं होतं.

पार्वतीबाई म्हणजे दिनकररावांची बायको. माझ्या चांगल्या ओळखीच्या. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर त्या पायरीवरून पडल्या, घोटा दुखावला, आणि तीन आठवडे खाटेवर होत्या. मी दोनदा भेटून आले होते. पांघरुणाखालचा पाय काही मी बघितला नाही, आणि ह्याची मला अजून लाज वाटते. उजव्या पोटरीत दुखतं म्हणून दिनकररावांनी म्हाळसाबाईला बोलावलं. तिनं पाय लावला. पार्वतीबाई म्हणाल्या, उतरलं. तीन दिवसांनी पुन्हा बोलावणं. पुन्हा पाय, पुन्हा उतरलं. मग एका संध्याकाळी त्यांचा गडी बन्सीधर निरोप घेऊन म्हाळसाबाईला शोधत माझ्याच दारी आला. उद्या सकाळी पुन्हा या. म्हाळसाबाई तेव्हा भिंतीला हात लावून उभी होती. बन्सीधर गेल्यावर ती परत भिंतीकडे वळली नाही. म्हणाली, “उद्या तुमी बी चला. मला तो पाय बरा दिसंना.”

सकाळी ओसरीत खाट टाकलेली होती. पार्वतीबाई त्यावर, दिनकरराव खुर्चीत, आणि बघायला शेजारच्या तीन-चार जणी. म्हाळसाबाईनं पाय उचलला नाही. ती खाटेजवळ उकिडवी बसली आणि लुगडं वर सारून दोन्ही पोटऱ्यांना हात लावला. आधी एकीला, मग दुसरीला. मीही वाकून पाहिलं. उजवी पोटरी डावीच्या दीडपट. कातडी ताणलेली, चकचकीत, लालसर. हात लावला तर गरम.

“मालकीन, दिवसा बी दुखायलंय का?”

पार्वतीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, थोडं.

म्हाळसाबाई उठली आणि दोन पावलं मागं सरली. “मालक, हे माझ्या पायाचं काम न्हाई. ह्यांना परभनीला न्या. आजच्या आज.”

दिनकरराव मोठ्यानं बोलत नाहीत. शांतपणे म्हणाले, दोनदा उतरलं, मग तिसऱ्यांदा काय झालं?

“दोनदा बी उतरलं न्हाई,” म्हाळसाबाई म्हणाली. “त्या तशा म्हनल्या.”

दिनकररावांनी बायकोकडे पाहिलं. त्या बाईचा पाय बटाट्याच्या पोत्यासारखा सुजलेला, आणि हा माणूस तिला म्हणतो, “किंतु धरला असशील मनात.”

पार्वतीबाईंनी मान खाली घातली. त्यांना ते खरं वाटत होतं. पहिल्यांदा पाय लागला तेव्हापासून पडल्या पडल्या स्वतःचं मन तपासत असणार, कुठं डाग आहे ते.

मी तोंड उघडणार होते, पण म्हाळसाबाई आधी बोलली. आवाज बारीक होता, पण थांबली नाही.

“त्यांच्या मनाला बोलू नका, मालक. माझं ऐका. पाच वर्सं झाली, ह्याच पायात गोळा येतोय माझ्या. ह्याच, डाव्या. रातच्याला. तोंडात पदर कोंबून पडते मी. मंग माझ्या बी मनात किंतु हाय का? माझाच पाय हाय न्हवं?”

एवढं बोलून ती ओसरीवरून उतरली आणि चालायला लागली. तिच्या पाठीकडे बघत दिनकरराव बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की काय ते मला कळलं नाही आणि बघत बसायला वेळही नव्हता. मी म्हटलं, गाडी काढा दिनकरराव, नंतर विचार करा. आणि ह्यांचा पाय कुणी चोळायचा नाही, दाबायचा नाही. त्यांची मुलं माझ्या हाताखाली शिकली, त्या सवयीनं असेल, ते उठले.

परभणीला सोनोग्राफी केली. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. अंथरुणावर पडून राहिलं की अशी होऊ शकते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, ही सुटून फुप्फुसात गेली असती तर अवघड होतं. पार्वतीबाई आठ दिवस दवाखान्यात राहिल्या.

ते आठ दिवस इकडे म्हाळसाबाईच्या घरात चूल पेटत होती एवढंच. दत्तरावांनी मेंढरं दिनकररावांच्या रानाकडे वळवलीच नाहीत. कोणत्या तोंडानं वळवणार? बाभळीचा पाला तोडून घालायचे. हौदावर न नेता ओढ्याच्या डबक्यावर न्यायचे. अमृत आईला म्हणाला, तू आमच्या तोंडात माती घातलीस. बायकोला सोबत घेऊन दोन दिवस सासरवाडीला जाऊन राहिला. सकाळी दारातली घोंगडी दत्तरावांनी स्वतः उचलून घडी करून ठेवली. कुणी आलंच नाही, अंथरायची कुणासाठी?

मी रोज जात होते. मला वाटलं होतं ही कोलमडली असेल. पण ती निवांत होती. पाचव्या दिवशी तर दत्तरावांबरोबर मेंढरांमागं गेली आणि दुपारी पाला डोक्यावर घेऊन आली. अमृतच्या तक्रारीवर म्हणाली, निम्मी मेंढरं विकू, उरलेली घेऊन गोदेच्या कडेनं हिंडू, आई-बाप तेच करत होते. मग पाला टाकून माझ्याजवळ बसली.

“बाई, मेंढरं अर्दपोटी हायती,” ती म्हणाली, “पन मी सुटले. कोनी येईना, कोनी निजंना दारात. कसं मोकळं वाटायलंय.”

नवव्या दिवशी दुपारी गल्लीत दिनकररावांची गाडी येऊन थांबली. ते उतरले, पार्वतीबाईंना हात देऊन उतरवलं. घरासमोर माणसं जमली. दत्तराव गोठ्यातून आले आणि हात जोडून उभे राहिले, काय ऐकावं लागतंय म्हणून. दिनकरराव म्हाळसाबाईसमोर आले, सत्तरीचा माणूस, खाली बसले आणि तिच्या डाव्या पायावर डोकं ठेवलं.

ती मागं सरली. “मालक, हे काय करायलाव?”

ते उठले आणि जमलेल्या लोकांकडे वळून बोलले. दवाखान्यात आठ रात्री जागून त्यांनी ते मनात जुळवून आणलं असणार. म्हणाले, इतकी वर्षं ही बाई आपल्या सगळ्यांचे गोळे उतरवत होती. उतरवून ते जात कुठं होते, कुणी विचारलं का? ते हिच्याच पोटरीत जात होते. रात्री ही एकटी सोसत होती. आणि ह्या वेळी जे दुखणं पायानं घेण्यातलं नव्हतं ते हिनं पाय न लावता ओळखलं.

मी म्हटलं, दिनकरराव, हे सगळं उलटं आहे. तिनं डॉक्टरनं शिकवलेलं बघितलं आणि ओळखलं. मी स्वतः तिला घेऊन गेले होते. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा, पण त्या गल्लीत माझ्या शेजारणीपर्यंतही पोचला नाही. म्हाळसाबाई म्हणत होती, तसं काई न्हाई, माझ्या पायात काई बी न्हाई. एक बाई डोळे पुसत म्हणाली, बघा, अजून कशी लपवायली. पार्वतीबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. दोनदा पाय लागूनही उतरलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नजर खाली वळवली.

अमृत परत आला होता. त्यानं हे सगळं मोबाइलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत ते सोनपेठला पोचलं, दोन दिवसांत गंगाखेड, पाथरी, आणि पुढं कुठं कुठं.

आता ती सकाळची अटही राहिली नाही. लांबून येणारी माणसं एस.टी.नं दुपारी पोचतात, त्यांना उद्या या म्हणून कसं सांगणार? रविवारी तर दाराबाहेर रांग असते. अमृतनं पत्र्याचं शेड टाकलंय, मुक्कामाला राहणाऱ्यांसाठी. पैसा अजून कुणी घेत नाही, ते दत्तरावांनी होऊ दिलं नाही. म्हाळसाबाईनं एक मात्र केलं. पाय लावण्याआधी ती विचारते, एकच पोटरी सुजली का, गरम हाय का, दिवसा बी दुखतं का. हो म्हणणाऱ्याला पाय न लावता सरळ दवाखान्यात पाठवते, आणि लोक जातात. साध्या गोळेवाल्यांना ती भिंतीचा व्यायाम दाखवते. मला बरं वाटलं होतं, निदान एवढं तरी झालं. मग एका रविवारी पाहिलं तर सगळे पूर्वेला तोंड करून, अनवाणी, मोजून तीनदा भिंत ढकलत होते. मी म्हटलं, तोंड कुठंही करा आणि तीसपर्यंत मोजा. एक पाथरीचा माणूस मला समजावून सांगायला लागला की बाईंनी सांगितलंय तसंच केलं तर गुण येतो.

दिनकररावांच्या चाळीस एकरातले बांध-पडीकही आता बारमाही मोकळे आहेत. मेंढरं अशी भरलीत की अंग हलवत चालतात. दत्तराव एकटेच त्यांच्यामागं जातात. म्हाळसाबाई दिवाळीपासून रानात गेलेली नाही. जायला निघाली की कुणीतरी दारात पालथं पडलेलं असतं, त्याला ओलांडून कशी जाणार?

परवा मीच तिच्याकडे गेले. आता ती माझ्याकडे येऊ शकत नाही. दोन बायकांच्या मधल्या वेळात ती चौकटीला टेकून खाली बसली होती, दिवसभर एका पायावर उभं राहून उजवा घोटा सुजलेला. मी तिला पाण्याचा तांब्या दिला, प्यायला लावला. विचारलं, भिंतीचं करतेस का? म्हणाली, रातच्याला जीवच ऱ्हात न्हाई. गोळे परत सुरू झालेत, पहिल्यासारखे, आठवड्यातून चार-पाच.

मी म्हटलं, निदान आता पदर तरी कोंबू नकोस तोंडात. सगळ्यांना माहीतच आहे.

“न्हाई कोंबत,” ती म्हणाली. “आता वरडते मी. चांगली वरडते.”

“मग? कुणी उठतं की नाही?”

तिनं शेडकडे बघितलं. तिथं सात-आठ जण घोंगड्या पसरून मुक्कामाची तयारी करत होते.

“उठत्यात की. उठून बसत्यात, हात जोडत्यात. म्हनत्यात, कुनाचं तरी उतरायलंय बगा. आन् परत निजत्यात.”

बाहेरून अमृतनं हाक मारली. ती चौकटीला धरून उठली आणि डावा पाय पुढं टाकला.